खारजमिनीत चालणाऱ्या जुन्या पॉवर टिलरची निगा व सज्जता

ठाण्याची खाडी आणि पनवेलची खाडी यांच्या काठाने पूर्वी भातखाचरे व मिठागरे यांची सलग पट्टी होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवी मुंबईची उभारणी सुरू झाली, तेव्हा या पट्टीचा मोठा भाग शहराखाली गेला. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तथापि शहराच्या सीमेबाहेर, उरण, पनवेल व पेण तालुक्यांच्या खाडीकाठी, बांध घालून समुद्रापासून राखलेल्या खारजमिनीत आजही भात पिकते. या गावांतील तरुण मनुष्यबळ बंदराकडे, कारखान्यांकडे व शहराकडे वळले. बैलजोडी वर्षभर पोसणे अनेक कुटुंबांना परवडेनासे झाले. अशा वेळी लावणीचे थोडे दिवस साधून देणारे यंत्र म्हणजे पॉवर टिलर होय.

नवा टिलर घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. म्हणून पुष्कळ शेतकरी दुसऱ्याने वापरलेले यंत्र विकत घेतात. असे यंत्र योग्य पारख करून घेतले व त्याची नीट निगा राखली, तर ते अनेक हंगाम उत्तम काम देते. उलट, खाऱ्या चिखलात काम करून न धुता ठेवलेले यंत्र ऐन चिखलणीत बंद पडते आणि लावणीचा हंगाम हातचा जातो. या यंत्राचे आयुष्य मुख्यतः एका गोष्टीवर अवलंबून असते. पाणी, चिखल व मीठ यांना यंत्राच्या आत शिरू न देणे आणि बाहेरून लागलेले मीठ त्याच दिवशी धुऊन काढणे, ही ती गोष्ट होय.

यंत्राची रचना

पॉवर टिलर हा दोन चाकांचा, मागे चालत जाऊन दोन मुठींनी हाकण्याचा लहान ट्रॅक्टर आहे. १९६० नंतरच्या दशकात जपानी बनावटीची अशी यंत्रे भारतात प्रचारात आली व पुढे ती येथेच तयार होऊ लागली. बंगळूरची व्हीएसटी कंपनी १९६७ साली व केरळ शासनाची कॅमको ही कंपनी १९७३ साली स्थापन झाली. यांची यंत्रे भातशेतीच्या मुलखात सर्वत्र आढळतात. या यंत्रात बहुधा एका सिलिंडरचे, सुमारे ९ ते १५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन असते. इंजिनाची शक्ती पट्ट्यांच्या द्वारे क्लचकडे, तेथून गिअर बॉक्सकडे व पुढे चाकांकडे जाते. तीच शक्ती मागच्या बाजूस बसविलेल्या रोटरीची पाती फिरविते.

कॅनडासारख्या देशांत दलदलीच्या प्रदेशात जाण्यासाठी सहा किंवा आठ चाकांची उभयचर वाहने १९६० च्या दशकापासून वापरली जातात. त्यांचे अंग होडीप्रमाणे बंद असते व रुंद, कमी हवेचे टायर असल्यामुळे ती पाण्यावर तरंगतात. पॉवर टिलर तरंगत नाही, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. परंतु दोहोंचे दुखणे एकच आहे. फिरता दांडा जेथे पेटीतून बाहेर येतो तेथे रबराचे सील असते आणि ते झिजले की तेल बाहेर व पाणी आत, असा व्यवहार सुरू होतो. टिलरमध्ये अशा जागा मुख्यतः तीन आहेत. चाकांच्या आसाची दोन्ही टोके, रोटरीच्या दांड्याची टोके, आणि रोटरीकडे शक्ती नेणाऱ्या साखळीची किंवा गिअरची पेटी.

खारे पाणी लोखंडाचे काय करते

लोखंड, पाणी व हवा एकत्र आली की गंज चढतो. पाण्यात मीठ विरघळलेले असल्यास ही क्रिया कितीतरी वेगाने होते. शिवाय चिखल वाळल्यावर मीठ सांधे, बोल्टची डोकी व पत्र्याच्या घड्या यांत साचून राहते. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. कोकणातील पावसाळी हवेत हा ओलावा भरपूर असल्यामुळे यंत्र गोठ्यात उभे असतानाही रात्रभर गंजत राहते.

पावसाचा जोर झाल्यावर खाचरातील पाणी चवीला गोड लागते. त्यावरून चिखलही गोडा आहे असा समज होतो. तो बरोबर नाही. मातीच्या खालच्या थरात मीठ असतेच व रोटरीची पाती तोच थर ढवळून वर आणतात. म्हणून खारजमिनीतील प्रत्येक दिवसाचे काम हे खाऱ्या पाण्यातील काम मानावे.

जुने यंत्र घेताना करावयाची पारख

यंत्र पाहण्यास सकाळी जावे व ते आधी चालू करून ठेवू नये असे विक्रेत्यास सांगावे. गार इंजिन कसे चालू होते यावरून बरेच कळते. पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१. गिअर बॉक्सच्या तळाचा तेल काढण्याचा बोल्ट हळूच सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे रात्रभर उभ्या असलेल्या यंत्रात ते तळाशी बसते. प्रथम पाण्याचे थेंब आले किंवा तेल दुधाळ दिसले, तर सील गेलेली आहेत व आतील बेअरिंगांनाही गंज लागला असण्याचा संभव आहे.

२. डीकॉम्प्रेशनचा खटका न दाबता हॅण्डल सावकाश फिरवून पाहावे. एका ठिकाणी जोराचा अडथळा जाणवला पाहिजे. तो न जाणवल्यास रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजलेले असतात.

३. इंजिन तापल्यावर धुराचा रंग पाहावा. निळसर धूर हे वंगण तेल जळत असल्याचे चिन्ह आहे. काळा धूर हवा कमी पडणे, इंजिनावर जादा भार येणे किंवा डिझेलची फवारणी बिघडणे यामुळे येतो. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चिंतेचा नाही. पण इंजिन तापल्यावरही तो येत राहिला तर मिस्त्रीकडून तपासणी करून घ्यावी.

४. चाक जमिनीपासून उचलून दोन्ही हातांनी आत-बाहेर हलवावे. खडखड असल्यास बेअरिंग झिजले आहे. रोटरीचा दांडाही याच रीतीने पाहावा.

५. प्रत्येक गिअरमध्ये यंत्र चालवून पाहावे. भार येताच गिअर निसटत असेल तर दुरुस्ती महाग पडते.

६. नवा रंग दिलेले यंत्र विशेष काळजीने पाहावे. पत्रे, मडगार्ड व मुठींचे नळ स्क्रू-ड्रायव्हरच्या मागील टोकाने ठोकून पाहिल्यास रंगाखालचा पोकळ गंज लगेच कळतो.

७. इंजिनावरील क्रमांक व कागदपत्रांतील क्रमांक जुळतात की नाही ते पाहावे. यंत्र शासकीय अनुदानावर घेतलेले असल्यास ते विकण्यावर अटी असतात. म्हणून व्यवहारापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात चौकशी करावी.

पावसाळ्यापूर्वीची दुरुस्ती

दुरुस्तीचे काम मे महिन्यातच उरकावे. पाऊस सुरू झाल्यावर मिस्त्री मिळत नाही व सुटे भागही वेळेवर येत नाहीत.

सर्व ऑइल सील एकाच वेळी बदलणे इष्ट होय. सीलची किंमत थोडी व ती बसविण्याची मजुरी अधिक असते. नवे सील बसविताना दांड्यावर जेथे जुन्या सीलचा ओठ घासत होता तेथे बोट फिरवून पाहावे. खाच जाणवली तर नवे सीलही तेथे टिकणार नाही. अशा वेळी सील किंचित पुढे-मागे बसविता येते का हे पाहावे, नाहीतर दांड्यावर बाही चढवून घ्यावी किंवा दांडा बदलावा. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे यावी व बसविण्यापूर्वी ओठास ग्रीस लावावे. कोरडे बसविलेले सील पहिल्याच दिवशी जळते.

इंजिनाचे तेल, गिअर बॉक्सचे तेल व रोटरीच्या पेटीचे तेल बदलावे. बहुतेक यंत्रांत इंजिनाचे तेल सुमारे १०० तासांच्या कामानंतर बदलावे लागते. तथापि तेलाचा प्रकार व मुदत कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठरवावी. जुन्या यंत्रासोबत पुस्तिका मिळाली नसेल तर विक्रेत्या कंपनीच्या केंद्रातून ती मिळवावी.

डिझेलची टाकी पूर्ण रिकामी करून तळाचा गाळ व पाणी काढावे आणि गाळणी बदलावी. एअर क्लीनरमध्ये तेल असल्यास ते नवे भरावे. इंजिन पाण्याने थंड होणारे असल्यास त्यात स्वच्छ गोडे पाणीच घालावे. शेतातील किंवा खाडीचे पाणी घातल्यास आत मिठाचा थर बसतो, इंजिन तापते व सिलिंडर आतून खाल्ले जाते. पट्टे भेगाळलेले असल्यास सर्व एकदम बदलावेत. जुना व नवा पट्टा एकत्र चालविल्यास सारा भार नव्यावर पडून तो लवकर तुटतो.

पत्र्यावरील गंज तारेच्या ब्रशने मुळापर्यंत खरवडून, गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून मग रेड ऑक्साईड व त्यावर रंग द्यावा. गंजावरच रंग दिल्यास मीठ आत कोंडले जाते व पत्रा अधिक लवकर कुजतो.

चिखलासाठी सज्जता

रबरी टायर रस्त्यावर व कोरड्या शेतात उपयोगी असतात. चिखलात ते घसरतात. म्हणून चिखलणीसाठी लोखंडी पट्ट्यांची चाके, ज्यांना कारागीर केज व्हील म्हणतात, ती बसवावीत. मऊ खारमातीत रुंद चाके बरी पडतात, कारण भार अधिक जागेवर पसरतो व यंत्र रुतत नाही. ही चाके लावून डांबरी रस्त्यावर जाऊ नये. त्याने रस्ता व आस या दोहोंस इजा होते.

रोटरीची पाती डाव्या व उजव्या वळणाची असतात. ती पुस्तिकेतील क्रमानेच बसवावीत. क्रम चुकल्यास यंत्र एका बाजूस ओढते व हाकणाऱ्याचे हात भरून येतात. पात्यांचे बोल्ट पहिल्या तासानंतर पुन्हा आवळावेत.

यंत्राबरोबर एक पेटी ठेवावी. तिच्यात पाने, पात्यांचे जादा बोल्ट, एक जादा पट्टा, डिझेलची गाळणी, ग्रीसची पिचकारी व दोर कापण्याची धारदार सुरी असावी. सुमारे दीड मीटर लांबीच्या दोन फळ्या व एक जाड दोर बरोबर ठेवल्यास रुतलेले यंत्र काढणे सोपे जाते.

ट्रॉली जोडावयाची असल्यास तिचा पायाचा ब्रेक प्रथम तपासावा. मागील बाजूस व दोन्ही कडांना चकाकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. उरण-पनवेल भागात बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रक रात्रंदिवस धावत असतात. मंद गतीची ट्रॉली त्यांच्या चालकास अंधारात दिसत नाही. रात्री मोठ्या रस्त्यावर टिलर नेऊ नये. रासायनिक खत वाहून नेल्यावर ट्रॉली त्याच दिवशी धुवावी, कारण खतेही मिठाप्रमाणेच लोखंड खातात.

खाचरात काम करताना

खाचरात सुमारे ५ ते ८ सेंटिमीटर पाणी असल्यास चिखलणी चांगली होते. त्याहून अधिक पाण्यात पाती माती न ढवळता पाणीच उडवितात व ते पट्ट्यांवर जाऊन पट्टे घसरतात. कोणत्याही स्थितीत पाणी चाकाच्या आसाच्या वर जाईल अशा जागी यंत्र घालू नये. उधाणाच्या दिवसांत उघाडीजवळच्या सखल भागात पाणी अकस्मात वाढते. तेथील काम भरती-ओहोटीची वेळ पाहून ठरवावे.

इंजिनाने पाणी ओढले व ते बंद पडले, तर पुन्हा चालू करण्याचा यत्न मुळीच करू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे जोराने फिरविल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. यंत्र बाहेर काढून मिस्त्रीकडून आतील पाणी काढून घ्यावे व तेल बदलावे.

यंत्र रुतल्यास इंजिनाचा वेग वाढवू नये. त्याने ते आणखी खोल जाते. इंजिन बंद करून चाकांतील चिखल काढावा, पुढे फळ्या घालाव्यात व दोर मुठींना न बांधता यंत्राच्या सांगाड्यास बांधून ओढावे.

नायलॉनच्या दोऱ्या, जाळ्यांचे तुकडे व प्लास्टिकच्या पिशव्या भरतीबरोबर व नाल्यांतून शेतात येतात. त्या रोटरीच्या दांड्याभोवती गुंडाळल्या जाऊन सीलच्या आत शिरतात व त्याचा ओठ कापतात. सील फुटण्याचे हे एक मोठे कारण आहे. काम सुरू करण्यापूर्वी खाचरातून फिरून हा कचरा वेचावा व दर एक-दोन तासांनी इंजिन बंद करून दांडा तपासावा.

बांधाविषयी विशेष सावधगिरी हवी. समुद्राच्या बाजूच्या बांधावरून लोखंडी चाकांचे यंत्र नेल्यास माती कापली जाते व त्या चरातून उधाणाचे पाणी वाट काढते. बांध फुटला तर एकट्याचे नव्हे, साऱ्या खाराचे भात जाते व जमिनीतील मीठ धुऊन जाण्यास पुढील पावसाळ्यांची वाट पाहावी लागते. म्हणून यंत्र नेण्याची वाट गावाने एकत्र बसून ठरवावी. जेथे बांध ओलांडणे अपरिहार्य असेल तेथे फळ्या टाकून सरळ, आडवा जावा.

सर्वच खारजमिनींना एकसारखी मशागत मानवत नाही. जेथे खारेपणा अधिक आहे तेथे मशागत किती व केव्हा करावी, तसेच पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ यांसारख्या क्षार सोसणाऱ्या भातवाणांपैकी कोणता वाण घ्यावा, याविषयी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

संध्याकाळचा अर्धा तास

काम आटोपल्यावर पुढील क्रम चुकवू नये. इंजिन बंद करून थोडे निवू द्यावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास ओतीव लोखंडास तडा जाण्याची भीती असते. नंतर विहिरीच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने चाके, रोटरी, सांगाड्याचा तळ व पट्ट्यांच्या आवरणाची आतील बाजू धुवावी. एअर क्लीनर व सायलेन्सरचे तोंड झाकून ठेवावे. सीलवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये.

धुतल्यावर ग्रीस द्यावे, आधी नव्हे. नवे ग्रीस आत शिरलेले पाणी व चिखल बाहेर ढकलते. सांध्यातून स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत पिचकारी चालवावी. पुष्कळ ठिकाणी हे काम सकाळी करण्याची चाल आहे. तोवर पाण्याला बेअरिंग गंजविण्यास रात्रभर वेळ मिळालेला असतो. शेवटी उघड्या लोखंडावर तेलाचे फडके फिरवून यंत्र वाऱ्याच्या पण आडोशाच्या जागी उभे करावे.

अपघात टाळण्यासाठी

हॅण्डल मारताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिनाने उलट झटका दिल्यास हात सुटा होतो. लुंगी, पदर, उपरणे किंवा सैल सदरा घालून यंत्राजवळ जाऊ नये. पात्यांत अडकलेले गवत इंजिन पूर्ण बंद केल्याशिवाय काढू नये. यंत्र मागे घेताना रोटरी सुटी केलेली असावी. जुन्या यंत्रात रोटरी आपोआप थांबविणारी योजना झिजलेली असते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवू नये.

उतारावर वळविण्याची रीत उलटी होते हे नव्या चालकास माहीत नसते. सपाट जागी डाव्या मुठीचा खटका दाबला की डावे चाक थांबते व यंत्र डावीकडे वळते. उतारावर मात्र सुटे झालेले चाक अधिक वेगाने धावते व यंत्र उजवीकडे जाते. अनेक टिलर याच कारणाने बांधावरून उलटतात. उतारावर गती अगदी कमी ठेवावी व शक्य तो वळूच नये.

हंगामानंतर

चिखलणी संपल्यावर सर्व तेले बदलून, इंजिनातील पाणी काढून टाकावे. डिझेलची टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे रिकाम्या जागेतील ओलावा गार होऊन पाणी साचत नाही. पट्टे सैल करावेत. हॅण्डल फिरवून जेथे अडथळा जाणवतो तेथे थांबवावे. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात व ओलसर हवा आत जात नाही. यंत्र लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवल्यास टायर टिकतात.

चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक यंत्र घेतल्यास खर्च विभागला जातो. परंतु सामाईक यंत्राची निगा कोणाचीच नाही अशी स्थिती होता कामा नये. यासाठी एक वही ठेवावी. कामाचे तास, तेल बदलल्याची तारीख, बदललेले भाग व संध्याकाळी यंत्र धुणाऱ्याचे नाव तिच्यात रोज लिहावे. गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी मे महिन्यात अशा यंत्रांची पाहणी ठेवून तळाचा बोल्ट सैल करून पाहण्याचे प्रात्यक्षिक शेतकऱ्यांना दाखवावे. त्यास पाच मिनिटे व एक पाना एवढेच लागते, आणि सील वेळेवर बदलल्यास गिअर बॉक्सचा मोठा खर्च व ऐन लावणीतील खोळंबा दोन्ही टळतात.